दादाला ब्लड कॅन्सर झालाय. आम्हा सख्ख्या भावंडांना धोका किती?

कृष्णाकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ११.४०

इथे आठ-नऊ वर्षं नुसती वाचतेय. आज लिहायला बसले, कारण घरात हा विषय मोठ्याने काढता येत नाही.

आम्ही कराडजवळचे. तीन भावंडं. दादा ४४ चा, मी ३९ ची, धाकटा ३५ चा आणि बंगळूरला नोकरीला. जानेवारीत दादाचा ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. कराडात सी.बी.सी. (रक्तपेशींची मोजणी) केली, त्यांनी त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. ए.एम.एल. निघाला, म्हणजे ल्युकेमियाचा झपाट्याने वाढणारा एक प्रकार. केमोची पहिली फेरी चालू आहे. रेमिशन आलं, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला, की बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट करावं लागेल, तोवर भावंडांचं एच.एल.ए. (मज्जा जुळते का ते सांगणारी तपासणी) बघून ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. मी आणि धाकटा, दोघंही रक्त देऊन आलो.

दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसलो असताना आई एवढंच म्हणाली, "ह्यांचं पण असंच झालेलं." अप्पा १९९८ साली गेले, ५१ व्या वर्षी. मी सहावीत होते. "अंगात रक्त धरत नव्हतं" यापलीकडे आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. जे काही कागद होते ते २०१९ च्या पुरात गेले.

तेव्हापासून झोप नाही. ब्लड कॅन्सर रक्तातून येतो का? दादाला झाला म्हणजे मला आणि धाकट्याला होणार का? माझी मुलगी ११ वर्षांची आहे. जाणकारांनी स्पष्ट लिहा, धीर देण्यापुरतं लिहू नका.

---

पायवाट | १९ फेब्रुवारी

ताई, दादांना लवकर बरं वाटो. माहिती नाही, पण वाचतोय.

---

सूक्ष्मदर्शी | २० फेब्रुवारी

मी पॅथॉलॉजीत काम करते, रोज रक्ताच्या काचपट्ट्याच बघते. तुमचे उपचार करणारे डॉक्टर सांगतील तेच शेवटचं, हे धरून वाचा.

"ब्लड कॅन्सर" हा एक आजार नाही. ल्युकेमिया (मज्जेत आणि रक्तात), लिम्फोमा (लसीका गाठींत), मायलोमा (मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा), आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पोटप्रकार. प्रत्येकाचं घराण्याशी असलेलं नातं वेगळं आहे, त्यामुळे सरसकट "आनुवंशिक आहे" किंवा "नाही" म्हणणारा माणूस दोन्हीकडून चुकतो.

यावरचा मोठा अभ्यास स्वीडनच्या नोंदींवरून झाला, २०१९ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात आला. १ कोटी ६० लाख माणसांच्या नोंदी, त्यांत रक्ताच्या कॅन्सरचे १,५३,११५ रुग्ण आणि त्यांचे ३,९१,१३१ जवळचे नातेवाईक, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं. रक्ताच्या सगळ्या कॅन्सरांपैकी ४.१ टक्के रुग्णांच्या जवळच्या नात्यात आणखी कुणाला तरी रक्ताचा कॅन्सर झालेला होता. उरलेल्या जवळपास ९६ टक्क्यांच्या घरात तसं कुणी नव्हतं. पण धोका सगळ्यांना सारखा नाही. नातेवाइकाला कोणत्या वयात झाला, घरात किती जणांना झाला, पालकाला झाला की भावंडाला, यावर तो बदलतो.

हॉजकिन या लिम्फोमाच्या प्रकारात भावंडांचं नातं ठळक दिसतं. नॉर्डिक देशांतल्या २०१५ च्या अभ्यासात रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांना एकंदरीत तिप्पट आणि भावंडांना सहापट धोका निघाला. सहापट ऐकून पोटात गोळा येतो. पण त्याच अभ्यासात जवळच्या नातेवाइकांना आयुष्यभरात हॉजकिन होण्याची शक्यता ०.६ टक्के आहे, म्हणजे हजारात सहा. पट सांगताना कशाची पट हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर माणूस उगाच खचतो.

आता तुमच्याबद्दल. ए.एम.एल. बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. मज्जेतल्या एखाद्या पेशीत जन्मानंतर बिघाड होतो आणि तो त्या माणसाबरोबरच संपतो. पण वडील ५१ व्या वर्षी रक्ताच्या कुठल्याशा आजाराने गेले, हे वाचून मी थांबले. दोन प्रश्न विचारते, उत्तरं नीट आठवून द्या. दादांच्या प्लेटलेट आधीपासून कमी असायच्या का? आणि तुमच्यापैकी कुणाचं रक्त लहानपणापासून जास्त वाहायचं का? दात काढल्यावर, पाळीत, बाळंतपणात, काहीही.

---

कृष्णाकाठ | २० फेब्रुवारी

तुमचं वाचून हात थरथरले. दादाचा घोळणा फुटायचा. उन्हाळ्यात शाळेत आठवड्यातून दोनदा तरी. आजी कांदा फोडून नाकाला लावायची, डोक्यावर गार पाण्याची धार धरायची. "उष्णता आहे, गुलकंद द्या" म्हणायची. अप्पांचाही फुटायचा, शर्टावर डाग पडलेला मला आठवतोय. आणि माझासुद्धा. माझ्या बाळंतपणात दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. धाकट्याचा कधीच नाही.

घोळणा आणि कॅन्सर यांचा संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

---

सूक्ष्मदर्शी | २० फेब्रुवारी

हे सगळं कागदावर लिहा आणि उद्याच डॉक्टरांच्या हातात द्या. घोळणा हजारो मुलांचा फुटतो आणि त्यांतल्या जवळजवळ कुणालाच काही होत नाही, म्हणून इतर वाचकांनी घाबरू नये. पण वडील, भाऊ, बहीण अशी ओळ लागते आणि त्या ओळीत ए.एम.एल. येतो, तेव्हा आर.यू.एन.एक्स.१ नावाच्या जनुकाचा विचार करावा लागतो. त्यात जन्मजात बदल असला की प्लेटलेट थोड्या कमी असतात, असतात त्याही नीट काम करत नाहीत, आणि पुढे ल्युकेमियाचा धोका राहतो. १९९९ पासून हे माहीत आहे. डी.डी.एक्स.४१, जी.ए.टी.ए.२, सी.ई.बी.पी.ए. अशी आणखीही काही जनुकं आहेत. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या आजारांना स्वतंत्र जागा मिळाली.

एक गोष्ट आजच सांगते. तुमचं एच.एल.ए. जुळलं तर घरात आनंद होईल. पण तुमच्यात तोच बदल असेल तर तुमची मज्जा दादांना देणं धोक्याचं आहे. दिलेली मज्जा नीट रुजत नाही, किंवा दात्याच्याच पेशींतून नवा ल्युकेमिया उभा राहतो. असं घडल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून आधी तपासणी, मग दान.

---

तांबडमाती | २१ फेब्रुवारी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना? आम्ही सोलापूरचे. माझा मुलगा ४ वर्षांचा, त्याला ए.एल.एल. (लहान मुलांत जास्त दिसणारा ल्युकेमिया) आहे, उपचार चालू आहेत, बरा आहे. मोठी मुलगी ८ वर्षांची. तिला जरा ताप आला की बायको रात्रभर उशाशी बसते. तिचं रक्त दर महिन्याला तपासू का? पोरगी सुई बघितली की आता रडत पण नाही, गप हात पुढं करती. ते बघवत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | २१ फेब्रुवारी

दादा, दर महिन्याला तपासू नका. लहान मुलांतला ए.एल.एल. साधारण २००० मुलांत एकाला होतो. रुग्णाच्या भावंडात हा धोका दोन ते चारपट धरतात. चारपट धरला तरी २००० मध्ये चार, आणि उरलेल्या १९९६ भावंडांना काहीच होत नाही. शिवाय हा आजार सर्वांत जास्त २ ते ५ या वयात दिसतो, तुमची लेक त्यापुढे गेली आहे. ताप लांबला, अंगावर आपोआप काळेनिळे डाग उठले, गाठी आल्या, हाडं दुखून लंगडायला लागली, तर दाखवा. एरवी तिला खेळू द्या.

एकसारख्या जुळ्यांचं गणित मात्र वेगळं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ए.एल.एल.मधला पहिला बिघाड अनेकदा आईच्या पोटातच होतो. इंग्लंडात मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांची जन्मावेळची टाचेच्या रक्ताची वाळलेली कार्डं शोधून काढली आणि त्यांत तोच बिघाड सापडला. १९९७ चं काम आहे ते. जुळ्यांची वार एकच असेल तर एकाची बिघडलेली पेशी रक्तातून दुसऱ्याकडे जाते. म्हणजे तिथे आजार आईवडिलांच्या जनुकांतून येत नाही, एका जुळ्याकडून दुसऱ्याला मिळतो. आणि तरीही एकाला वर्षाच्या आत ल्युकेमिया झाला तर दुसऱ्याला होण्याची भीती फार मोठी, पण २ ते ६ वयात झाला तर दहा जोड्यांपैकी साधारण एकाच जोडीत दुसऱ्याला होतो. पोटातला बिघाड एकटा पुरत नाही, जन्मानंतर दुसरा धक्का लागतो.

तुमची मुलं वेगवेगळ्या बाळंतपणांतली, त्यामुळे यातलं काही तुमच्या मुलीला लागू नाही.

---

तांबडमाती | २१ फेब्रुवारी

बायकोला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. लय आभारी आहे.

---

उत्तरायण | २३ फेब्रुवारी

मी स्वीडनमध्ये, उप्सालाला राहते. हे आकडे या देशातून का निघतात ते इथे आल्यावर कळलं. १९४७ पासून प्रत्येकाला एक ओळख क्रमांक आहे, आणि १९५८ पासून प्रत्येक कॅन्सरची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत जाते. आईवडील आणि मुलं यांची नाती जोडणारी वेगळी नोंदवही आहे. तिन्ही जोडल्या की कुणाच्या बहिणीला काय झालं हे पन्नास वर्षांनीही सापडतं.

आपल्याकडेही नोंदी ठेवायची हौस आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्याकडे आहे, आठ पिढ्यांचा. कोण पेशव्यांच्या पदरी होता, कुणी विहीर बांधली, सगळं आहे. कोण कशाने गेलं हे एकाही नावापुढे नाही. आणि लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची पुढची ओळच तुटते. कृष्णाकाठ यांच्या अप्पांबद्दल वाचून मी तो ग्रंथ पुन्हा काढला आणि पेन्सिलीने लिहायला बसले. आईला फोन करून विचारतेय, तिच्या आत्या, मावश्या, कोण कितव्या वर्षी आणि कशाने. तिला निम्मं आठवतं. ते निम्मं तरी वाचलं.

---

एकतारी | २३ फेब्रुवारी

मला सी.एम.एल. (ल्युकेमियाचा सावकाश वाढणारा प्रकार) आहे, अकरा वर्षं रोज एक गोळी घेतो, नोकरी करतो. माझ्या बहिणींनाही अशीच धास्ती होती. सी.एम.एल. फिलाडेल्फिया गुणसूत्रामुळे होतो, म्हणजे दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेल्या गुणसूत्रामुळे, १९६० मध्ये सापडलं ते. हा बदल मज्जेतल्या पेशीत आयुष्यात कधीतरी होतो, जन्मापासून नसतो. स्वीडनच्याच नोंदींत सी.एम.एल. रुग्णांच्या नातेवाइकांत धोका वाढलेला दिसला नाही. माझ्यासारख्यांच्या भावंडांनी ही एक काळजी सोडून द्यावी.

---

माहेरवाट | २६ फेब्रुवारी

मन घट्ट करून लिहितेय. माझ्या बहिणीचं लग्न सख्ख्या मामाच्या मुलाशी झालं. आमच्यात पद्धतच आहे. तिला दोन मुलं. मोठ्याचा उजवा अंगठा जन्मतः बारीक, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, उंची कमी. सातव्या वर्षी रक्त बनणं थांबलं. तिघा डॉक्टरांनी टॉनिक दिलं. शेवटी परळला के.ई.एम.च्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत गुणसूत्रं तुटतात का ही तपासणी झाली आणि फॅन्कोनी अॅनिमिया निघाला. यात आईवडील दोघंही धडधाकट असतात, दोघांकडून एकेक सदोष प्रत आली की मुलाला आजार होतो. प्रत्येक मुलात शक्यता २५ टक्के. पुढे ए.एम.एल.चा धोका मोठा.

धाकटी दिसायला अगदी ठणठणीत. एच.एल.ए. जुळलं, सगळे म्हणाले देव पावला. पण डॉक्टरीणबाईंनी तिची तीच तपासणी करायला लावली. तिलाही निघाला. चार वर्षांची होती. म्हणून वर सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. ठणठणीत दिसणारं भावंडसुद्धा तपासल्याशिवाय डोनर करू नये.

---

पायवाट | २६ फेब्रुवारी

ताई, दोन्ही मुलं आता कशी आहेत?

---

माहेरवाट | २६ फेब्रुवारी

मोठा गेला. धाकटीची औषधं चालू आहेत, शाळेत जाते.

---

नवी_पालवी | २ मार्च

आम्हाला जूनमध्ये बाळ होणार आहे. नाळेचं रक्त साठवा, उद्या ल्युकेमिया झाला तर उपयोगी पडेल, असं सांगणारे फोन येतात. काय करावं?

---

सूक्ष्मदर्शी | २ मार्च

त्याच बाळाला पुढे ल्युकेमिया झाला तर त्याचंच साठवलेलं रक्त सहसा वापरत नाहीत, कारण पहिला बिघाड त्यातही असू शकतो. कार्डांचा किस्सा वर सांगितलाच. घरात आधीच एखादं भावंड आजारी असेल आणि त्याला ट्रान्सप्लांट लागणार असेल, तर नव्या बाळाचं नाळेचं रक्त जपून ठेवण्यात अर्थ आहे. तुमच्या घरात तसं काही नसेल तर भीतीपोटी पैसे घालू नका.

---

कृष्णाकाठ | ९ मार्च

कागद लिहून नेला. डॉक्टरांनी पूर्ण वाचला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, हे पहिल्या दिवशी हवं होतं. मी काही बोलले नाही, कारण विचारणं त्यांच्याकडून राहिलं होतं तसं सांगणं आमच्याकडूनही.

दादाला रेमिशन आलंय. पण रक्ताच्या जनुकीय रिपोर्टमध्ये आर.यू.एन.एक्स.१ चा बदल केमोआधी जेवढा होता जवळपास तेवढाच अजून आहे, म्हणजे तपासलेल्या त्या जनुकाच्या प्रतींपैकी निम्म्यांच्या आसपास. ल्युकेमियाच्या पेशी गेल्या तर त्यांचा बदलही जायला हवा होता. गेला नाही, म्हणजे तो जन्मापासूनचा असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी कातडीचा बारीक तुकडा घेतलाय. ल्युकेमियाच्या रुग्णाच्या लाळेतसुद्धा रक्ताच्या पेशी असतात, म्हणून कातडीतल्या पेशी वाढवून तपासतात. पाच-सहा आठवडे लागतील.

आणि एच.एल.ए. आलं. माझं पूर्ण जुळलं. धाकट्याचं अर्धं.

आईला फक्त "जुळलं" एवढं कळलं. तिने गणपतीला पेढे ठेवले. मी तिला अजून पुढचं सांगितलेलं नाही.

---

मोगरा_सायली | १० मार्च

कृष्णाकाठ, तुमच्यासाठी रोज एक नमस्कार.

वेगळी गोष्ट विचारू का? माझ्या भावाला हॉजकिन झाला होता, सहा वर्षं झाली, पूर्ण बरा आहे. माझ्यासाठी स्थळं बघतायत. आई म्हणते हा विषय कुठे काढायचा नाही, "रक्तात आहे म्हणतील आणि नकार येईल." मला लपवणं पटत नाही.

---

कृष्णाकाठ | १० मार्च

सांग. आमच्या घरात अप्पांचं लपवलं, कारण तेव्हा आत्याचं लग्न ठरायचं होतं. त्या लपवण्याने माझ्या भावाची सत्तावीस वर्षं गेली. कुणी "यांच्या वडिलांना हे झालं होतं" एवढं जरी म्हणालं असतं, तरी दादाच्या प्लेटलेटकडे कुणीतरी बघितलं असतं. तुझ्या बाबतीत वर जवळच्या नातेवाइकांचा एकंदर आकडा दिलाच आहे, हजारात सहा. तो आकडा सांगून जो मुलगा उठून जाईल त्याला जाऊ दे.

---

सूक्ष्मदर्शी | ११ मार्च

अगदी बरोबर. हॉजकिनमध्ये एकसारख्या जुळ्यांत धोका जवळजवळ शंभरपट निघाला होता, १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, आणि तरीही १७९ जोड्यांपैकी दहाच जोड्यांत दोघांना झाला. मोगरा, तू जुळी नाहीस, सख्खी बहीण आहेस.

---

कृष्णाकाठ | ६ मे

उशीर झाला, लिहायचं बळ नव्हतं.

दादाचा कातडीचा रिपोर्ट आला. बदल जन्मजात आहे. समुपदेशक मॅडमनी आम्हा दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, तपासायचं का, उत्तर कळल्यावर काय कराल. धाकट्यात नाही. माझ्यात आहे.

जिचं सगळं जुळतं तिचं चालत नाही, हे आईला समजावायला दोन दिवस लागले. तिला वाटलं मी घाबरून मागे सरले. शेवटी धाकट्याने तिला जवळ घेऊन सांगितलं की ताईची मज्जा दादाला दिली तर दादाचाच आजार पुन्हा दादाला दिल्यासारखं होईल. तेव्हा ती रडली आणि मग मला म्हणाली, "तू जेवलीस का?"

धाकट्याच्या अर्ध्या जुळणीवर ट्रान्सप्लांट झालं, २२ एप्रिलला. आता पूर्ण जुळणी नसली तरी करता येतं, नंतर ठरावीक दिवशी एक औषध देऊन नव्या पेशींचा मारा आवरतात. चौदाव्या दिवशी हे लिहितेय. दादाच्या पेशी अजून वर आलेल्या नाहीत, तोंडात फोड आहेत, पाणीसुद्धा गिळवत नाही. धाकटा काचेबाहेर उभा राहून हात हलवतो.

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, नऊ वर्षांच्या मुलीवर. तिलाही ए.एम.एल. होता. काचेबाहेर बसून हेच वाचत असते.

माझ्याबद्दल: या बदलासकट जगणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी रक्ताचा कॅन्सर होतो. म्हणजे ६० टक्क्यांना होत नाही. माझी एकदा मज्जा तपासली, आत्ता काही नाही. दर सहा महिन्यांनी सी.बी.सी. अॅस्पिरिन घ्यायची नाही, दात काढायच्या आधी सांगायचं. मुलीत असण्याची शक्यता निम्मी. तिच्या प्लेटलेट मोजल्या, ठीक आहेत. तरी जनुकीय तपासणी करायची का, यावर मी आणि नवरा अजून बोलतोय. बोलणं तिच्यासमोर करतो, तिच्या मागे नाही.

---

तांबडमाती | ६ मे

ताई, पेशी वर येतील. आम्ही बघितलंय वॉर्डात. एक दिवस ०.१, मग ०.३, मग एकदम ०.८.

---

कृष्णाकाठ | १० मे

०.६.

---

सूक्ष्मदर्शी | १० मे

आज काचपट्ट्या बघताना दिवसभर तुमचाच विचार होता. खूप बरं वाटलं.

---

कृष्णाकाठ | २९ जून

दादा घरी आलाय. पुण्यातच भाड्याची खोली घेतली आहे, शंभर दिवस दवाखान्याजवळ राहायचं. उकडलेलं खातो, मास्क लावतो, चिडचिडतो. चिडचिडला की आईला बरं वाटतं.

काल इस्लामपूरच्या आत्याला फोन केला. आजवर टाळत होते, तिच्याच लग्नासाठी सगळं झाकलं होतं ना. मी सगळं सांगितलं, घोळण्यापासून. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तिचाही फुटायचा. आणि तिच्या मोठ्या मुलाच्या प्लेटलेट कमी येतात. दर पावसाळ्यात ताप येतो, दरवेळी डेंग्यू म्हणून सलाईन लावतात, ताप उतरला की घरी सोडतात. ताप नसताना कधी मोजल्याच नाहीत.

मंगळवारी तो पुण्याला येतोय. मी स्टँडवर घ्यायला जाणार आहे, तोच कागद बरोबर घेऊन. त्यात आत्याची ओळ नव्याने लिहिली आहे.